गोंगाटाची ध्वनिसूची : उल्हास खोऱ्यातील आवाजांचा इतिहास

कल्याण सोडून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकापाठोपाठ एक येतात, आणि त्यांचा इतिहास शिलालेख, सरकारी दप्तरे, गॅझेटिअर व कारखान्यांच्या नोंदी यांच्या आधारे लिहिला जातो. या साधनांवरून कोणी काय बांधले, कोण कोठून आले आणि कोणता उद्योग केव्हा उभा राहिला हे कळते. मात्र त्या त्या काळी तेथे राहणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभर काय पडत होते, हे त्यांतून कळत नाही. ऐकू येणारे जग हेही इतिहासाचे साधन आहे, ही जाणीव जगभर रुजली ती मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ती रुजवण्यात इतिहासकारांपेक्षा ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रयोगशील कलावंतांचा वाटा मोठा आहे.

या कलावंतांच्या कामाचे दोन प्रवाह आहेत. स्टुडिओच्या बाहेर, जेथे आवाज निर्माण होतो त्या जागीच तो टिपण्याच्या पद्धतीला क्षेत्रध्वनिमुद्रण म्हणता येईल. तर स्वर आणि ताल यांच्या चौकटीत न बसणारा, सामान्यतः गोंगाट म्हणून बाजूला सारला जाणारा ध्वनीच रचनेचा कच्चा माल मानणाऱ्या प्रवाहाला गोंगाट-संगीत म्हणता येईल. एखाद्या कलावंताने प्रसिद्ध केलेल्या सर्व मुद्रणांच्या कालक्रमानुसार केलेल्या यादीला ध्वनिसूची म्हणतात. गायकाची ध्वनिसूची चाळली तर त्याच्या गळ्याची वाटचाल दिसते, पण क्षेत्रध्वनिमुद्रण करणाऱ्याची ध्वनिसूची चाळली तर ठिकाणांची, ऋतूंची आणि नाहीशा झालेल्या यंत्रांची नोंदवही उघडते, आणि म्हणूनच ती संगीताच्या रसिकाइतकीच इतिहासाच्या अभ्यासकालाही उपयोगी पडते.

या परंपरेच्या आरंभी आगगाडीच उभी आहे. फ्रान्समधील नभोवाणीत काम करणारा अभियंता पिएर शेफर याने १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर इंजिनांचे आणि डब्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले, तबकडीवरील एखादी खाच स्वतःभोवती बंद करून तोच ध्वनी पुन्हा पुन्हा वाजेल अशी योजना केली आणि त्यातून एक छोटी रचना सिद्ध केली, जी त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला ‘गोंगाटांची मैफल’ या अर्थाच्या नावाखाली नभोवाणीवरून प्रसारित झाली. पुढे १९७३ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड या पोलाद कारखान्यांच्या शहरात कॅबरे व्होल्टेअर हा गोंगाटप्रधान संगीताचा गट स्थापन झाला. त्याचा एक संस्थापक ख्रिस वॉटसन हा काही वर्षांनी गट सोडून दूरचित्रवाणीसाठी ध्वनिमुद्रण करू लागला आणि निसर्गाच्या आवाजांचा जगातील अग्रगण्य मुद्रक म्हणून नावारूपाला आला. त्याच्या ध्वनिसूचीत १९९६ चा ‘स्टेपिंग इन्टू द डार्क’ आणि २००३ चा ‘वेदर रिपोर्ट’ हे संग्रह महत्त्वाचे मानले जातात, परंतु या लेखाच्या विषयाला सर्वांत जवळचा आहे तो २०११ चा ‘एल त्रेन फान्तास्मा’, म्हणजे ‘भुताची गाडी’. मेक्सिकोच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या प्रवासी गाडीचे आवाज वॉटसनने एका माहितीपटाच्या निमित्ताने टिपले होते. खासगीकरणानंतर ती प्रवासी सेवा बंद पडली, आणि दशकाहून अधिक काळाने ती मुद्रणे एकत्र गुंफली गेली तेव्हा एका बंद पडलेल्या प्रवासी गाडीचे ते ऐकण्याजोगे स्मारक ठरले. चाके, शिट्ट्या, सांधे बदलण्याचे खटके आणि रुळांकडेचे रातकिडे एवढ्या सामग्रीवर हे स्मारक उभे आहे.

मराठी मुलखात ध्वनिमुद्रणाची सुरुवात नेमकी उलट दिशेने झाली. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास भारतातील मुद्रणांना आरंभ करता झाला, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मुद्रण झाले ते कर्ण्यातून, म्हणजे विजेच्या मदतीशिवाय, जेथे गाणाऱ्याला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून चढ्या आवाजात गावे लागे आणि खोलीबाहेरचे जग मेणाच्या तबकडीवर उमटतच नसे. १९२५ च्या सुमारास विजेचे मायक्रोफोन आले तरी ध्येय बदलले नाही. नाट्यपदे, ख्याल, लावण्या, भजने यांचा मोठा ठेवा तबकड्यांवर जमा झाला. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेतील हौशी संग्राहकांनी, विशेषतः सुरेश चांदवणकर यांनी, या ठेव्याच्या नोंदी आणि सूच्या तयार करण्याचे मोलाचे काम केले. त्या सर्व सूच्यांमध्ये माणसाचा गळा आणि वाद्य आहे, पण गाव नाही, रस्ता नाही, पाऊस नाही. उत्तम मुद्रण म्हणजे भोवतालातून सोडवून घेतलेला आवाज, असा संस्कार मराठी श्रोत्यावर यातून दृढ झाला.

या संस्काराला छेद देणारे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे काम जात्यावरच्या ओव्यांचे आहे. फ्रान्समधून भारतात येऊन येथेच स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी पुण्यात १९८० मध्ये सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही संस्था स्थापन केली, आणि सह्याद्रीच्या डोंगराळ भागातील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने खेडोपाडीच्या स्त्रियांच्या ओव्या लिहून घेण्यास सुरुवात केली. पुढे हा संग्रह १,१०७ गावांतील ३,३०२ गायिकांच्या १ लाख १० हजारांहून अधिक ओव्यांपर्यंत वाढला. १९९० च्या दशकात फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ बर्नार बेल या कामात सामील झाले आणि वहीतल्या ओव्यांना आवाजाची जोड मिळाली. सुमारे १२० तासांची मुद्रणे झाली. प्वातवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्यानंतर हा संग्रह पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संस्थेने हाती घेतला आणि मार्च २०१७ पासून तो लोकांसमोर येऊ लागला.

या मुद्रणांचे महत्त्व केवळ शब्दांत नाही. बायका ज्याला गळा म्हणतात ती ओवीची चाल, दगडावर दगड फिरत असताना निघणाऱ्या घरघरीवर बसवलेली असते; दोघी समोरासमोर बसून खुंटा ओढतात, वैरण घातली की घरघर जड होते, दळण सरत आले की ती मोकळी होते, आणि गाणारीचा श्वास या चढउताराशी जुळवून घेतो. संगीताच्या नेहमीच्या व्याख्येप्रमाणे घरघर हा गोंगाट ठरेल आणि ओवी हे गाणे ठरेल, परंतु घरघर काढून टाकलेली ओवी ऐकणाऱ्याला कळते की गाण्याचा अर्धा देह नाहीसा झाला आहे. कोणत्याही प्रयोगशील कलावंताने जाणीवपूर्वक सिद्ध केलेली गोंगाट आणि स्वर यांची एकात्मता या अनाम स्त्रियांच्या पहाटेच्या कामात आधीपासून नांदत होती, हे ठामपणे सांगितले पाहिजे. ती संपली तीही एका आवाजानेच. गावात पिठाची गिरणी आली, डिझेल इंजिनाचा पुक्-पुक् आवाज दळणाची वेळ झाल्याचे शिवारभर सांगू लागला, स्त्रियांचे कष्ट खरोखरच हलके झाले आणि जाते ओसरीच्या कोपऱ्यात गेले.

उल्हास खोऱ्यातील आवाजांचे थर या पार्श्वभूमीवर वाचता येतात. कॅनडातील संगीतकार आर. मरी शेफर याने १९७० च्या दशकात व्हँकुव्हरमध्ये ध्वनिपरिसराच्या अभ्यासाचा पाया घातला, तेव्हा त्याने तीन प्रकार वेगळे केले होते : ज्याकडे लक्ष जात नाही पण जो सतत असतो तो आधारध्वनी, जो मुद्दाम लक्ष वेधून घेतो तो संकेतध्वनी, आणि ज्यावरून एखादी वस्ती ओळखली जाते ती ध्वनिखूण. अंबरनाथचे शिवमंदिर शिलालेखानुसार शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये, शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळात पूर्ण झाले. वालधुनी नदीचे पाणी, देवळातील घंटा आणि महाशिवरात्रीची जत्रा हा या परिसराचा सर्वांत जुना थर आहे. त्यावर लोखंडाचा थर चढला. बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग १८५३ मध्ये सुरू झाल्यावर १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली आणि १२ मे १८५६ रोजी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत गेली, म्हणजे भातशेतीच्या या पट्ट्यात वाफेची शिट्टी घुमू लागून आता पावणेदोनशे वर्षे होत आली. १९२९ मध्ये कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले, आणि त्यानंतर वाफेच्या धापेची जागा हळूहळू विजेच्या मोटारींच्या गुरगुरण्याने घेतली.

तिसरा थर फाळणीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सैनिकांच्या लांबच लांब बराकी आडोसे घालून कुटुंबांत वाटल्या गेल्या, तेव्हा एका घरचे बोलणे, भांडण आणि रडणे दुसऱ्या घरी ऐकू जाणे अपरिहार्य होते. खासगी आवाज ही चैन तेथे कोणालाच परवडणारी नव्हती. सिंधी बोली, सिंधी नववर्षाच्या म्हणजे चेटीचंडच्या मिरवणुकीतील ढोल आणि छेज हा टिपऱ्यांचा नाच यांनी मराठी व आगरी बोलींच्या या परिसराला नवा ध्वनी दिला. पुढे उल्हासनगरच्या कॅम्प म्हणवल्या जाणाऱ्या भागांतून घरोघरी लहान उद्योग सुरू झाले आणि जीन्स शिवणाऱ्या मोटारीच्या मशीनांची अखंड घरघर हा अनेक गल्ल्यांचा आधारध्वनी बनला. ही घरघर ऐकताना जात्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्हींमागे घरातच बसून केलेले, मोजदादीत क्वचितच येणारे श्रम आहेत.

अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, स्वातंत्र्यानंतरचा आयुध निर्माणी कारखाना आणि औद्योगिक वसाहत, तर शहाडला सेंच्युरी रेयॉन असे मोठे उद्योग आले, आणि पाळीचा भोंगा हे कामगार वस्तीचे घड्याळ झाले. बदलापुरात बदल वेगळ्या मार्गाने झाला. तेथील लोकवस्ती २००१ च्या जनगणनेतील सुमारे ९८ हजारांवरून २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजारांवर गेली, खाचरे बुजवून इमारती उठल्या, आणि पावसाळ्याच्या रात्री बेडकांचा जो कोलाहल गावाला वेढून असे त्याची जागा पाण्याचे पंप, वाहने आणि पहाटेच्या पहिल्या लोकलकडे धावणाऱ्यांच्या पावलांनी घेतली. खोऱ्यातील सर्वाधिक कानांवर पडलेल्या आवाजांत मात्र एका व्यक्तीचे नाव घेतलेच पाहिजे : १९८० च्या दशकात मध्य रेल्वेत उद्घोषक म्हणून काम करणाऱ्या सरला चौधरी यांनी दिलेल्या सूचना मुद्रित होऊन फलाटाफलाटांवर वाजत राहिल्या. त्या मुद्रणाची तबकडी बाजारात आली नाही, कोणत्याही ध्वनिसूचीत त्याला क्रमांक नाही, तरी लाखो प्रवाशांचा दिवस त्यावर चालला.

असे आवाज किती झपाट्याने जातात याचे उदाहरण ताजे आहे. मुंबई विभागातील लोकल १,५०० व्होल्ट एकदिश विजेवर धावत असत. ती बदलून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती वीज आणण्याचे काम टप्प्याटप्प्याने होऊन २०१६ मध्ये पूर्ण झाले, आणि जुन्या गाड्या सुटताना येणारी खडबडीत गुरगुर जाऊन नव्या मोटारींचा पायरीपायरीने चढणारा स्वर आला. तांत्रिक इतिहासात या बदलाची आकडेवारी सापडेल, परंतु रोजचा प्रवासी डोळे मिटूनही गाडी जुनी की नवी हे ओळखत असे, या ज्ञानाला कागदावर जागा नाही.

या खोऱ्याची ध्वनिसूची तयार करण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे. लागते ती शिस्त : मुद्रणाचे ठिकाण, तारीख, वेळ, ऋतू आणि आवाज कोणत्या कामाचा आहे याची नोंद, तसेच मुद्रणातून भोवताल गाळून न टाकण्याचा निग्रह. ओव्यांचा संग्रह उभा राहिला तो गावोगावच्या कार्यकर्त्यांनी वह्या भरल्या म्हणून. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी शिलाई मशीनांच्या गल्ल्या, पाळीचे भोंगे, शिवरात्रीची जत्रा, चेटीचंडची मिरवणूक आणि फलाटावरची पहाट यांची मुद्रणे जमा करण्याचे काम याच वर्षी हाती घ्यावे.