पेटीची किल्ली

सेमिनरीत असताना आमचा सारा दिवस घंटेच्या तालावर चाले. कोणती घंटा प्रार्थनेची, कोणती भोजनाची, हे कोणी सांगावे लागत नसे. आगीची घंटा मात्र फार काळ अडाणीच राहिली. ओरडणे तिला ठाऊक होते, सांगणे ठाऊक नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील बॉस्टन शहरात आग लागली की चर्चच्या घंटा वाजविल्या जात. लोक बंब घेऊन धावत. पण जावयाचे कोठे, हे घंटेतून नीट उमगत नसे.

हा प्रश्न सोडविण्याची कल्पना डॉ. विल्यम चॅनिंग यांना सुचली. एका ख्यातनाम धर्मोपदेशकाचे हे चिरंजीव. वैद्यकीचे शिक्षण घेऊनही त्यांचे मन रमले ते विजेच्या प्रयोगांत. १८४४ साली मोर्सचा तारसंदेश वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी चॅनिंग यांनी वृत्तपत्रातून आपली योजना मांडली. नगरपालिकेला ती पटावयास सहा वर्षे लागली. १८५१ मध्ये १०,००० डॉलर मंजूर झाले आणि मोझेस फार्मर या कल्पक यंत्रज्ञाच्या साहाय्याने काम उभे राहिले.

रचना मोठी सुबोध होती. रस्त्यावर लोखंडी पेटी, तिच्यात एक दांडा. दांडा फिरविला की आतील चाकाचे दाते विजेचा प्रवाह ठराविक क्रमाने जोडीत व तोडीत आणि त्या पेटीचा क्रमांक मध्यवर्ती कचेरीत उमटे. तेथील कर्मचारी तारेनेच शहरातील घंटांचे टोले देई आणि टोले मोजून आगीचा विभाग कळे. घंटा अखेर बोलू लागली!

२९ एप्रिल १८५२ रोजी रात्री पहिली वर्दी आली. ती देणाऱ्या गृहस्थाने घाबरून दांडा इतक्या वेगाने फिरविला की कचेरीत काहीच अर्थबोध होईना. बिचारा शेवटी स्वतःच धावत कचेरीत गेला. आम्हाला या गृहस्थाविषयी आपुलकी वाटते.

पेटीला कुलूप होते. खोट्या वर्दीची भीती म्हणून किल्ली पोलीस शिपायाकडे किंवा शेजारच्या एखाद्या विश्वासू रहिवाशाकडे असे. नागरिकांसाठी बसविलेले यंत्र नागरिकांच्याच हाती द्यावयाचे नाही, असा हा प्रकार. ९ नोव्हेंबर १८७२ रोजी, शनिवारी संध्याकाळी, समर स्ट्रीटवरील एका गोदामाला आग लागली. रस्त्यावरच्या कित्येकांना ज्वाळा दिसल्या. पण बावन्न क्रमांकाच्या पेटीवरून वर्दी गेली तोवर आग छपरापर्यंत पोहोचली होती. त्यातच शहरातील घोडे साथीच्या रोगाने आजारी. बंब माणसांनी ओढले. सुमारे ६५ एकरांचा भाग आणि ७७६ इमारती भस्मसात झाल्या. त्याच रस्त्यावरील ट्रिनिटी चर्चही जळून गेले. सारा दोष कुलपाचा नव्हे, हे खरे. अरुंद रस्ते होते, लाकडी छपरे होती, पाण्याचे नळ अपुरे होते. परंतु आगीत पहिली काही मिनिटे केवढी मोलाची असतात!

पुढे बिनकिल्लीचे दार निघाले. मूठ फिरविली की दार उघडे आणि त्याच क्षणी पेटीवरील घंटा खणखणून वाजे. वर्दी कोणीही द्यावी. मात्र ती कोण देतो आहे, हे आसपासच्यांना दिसावे, एवढीच काय ती अट.