तीन हजारांचं कर्ज

मंडळी, आम्हा भायखळ्याच्या चाळकऱ्यांकडे कपाट हा शब्द एकटा यायचा नाही. कपाट म्हणजे 'गोदरेजचं कपाट', मग ते कुठल्याही कारखान्याचं असो! मुलीच्या लग्नात ते द्यायचं म्हणून कितीतरी घरांत भिशी लावली जायची. हे नाव जिथून निघालं ते लालबाग आमच्या भायखळा स्टेशनापासून चालत अर्ध्या तासावर. पण आज मला कपाटाबद्दल कमी आणि त्यामागच्या भांडवलाबद्दल जास्त सांगायचं आहे.

अर्देशिर गोदरेज यांचा जन्म १८६८ सालचा. शिकले वकिली. एका खटल्यासाठी झांजिबारला गेले, पण जे स्वतःला खरं वाटत नाही ते अशिलासाठी कोर्टात बोलायला तयार होईनात. वकिली सुटली. मुंबईत परतून त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचं ठरवलं. पैसे हवे होते. वडील सधन होते, पण त्यांनी दिलेले पैसे ही भेट झाली असती आणि अर्देशिरना कर्जच हवं होतं. म्हणून ते वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडे गेले. कामांनी ३,००० रुपये दिले.

हत्यारं उत्तम झाली. गिऱ्हाईकही मिळालं, अट एकच, त्यावर विलायती छाप हवा. अर्देशिर देशी छापावर अडून बसले. सौदा फिसकटला, धंदा बुडाला.

आता विचार करा. पहिला धंदा बुडवलेला तरुण पुन्हा दारात आला, तर आपण काय करू? मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून त्याला कुलुपं करायची होती. कामांनी पुन्हा पैसे दिले. १८९७ मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये, गॅस कंपनीच्या शेजारी, कुलुपांचं काम सुरू झालं. पुढे तिजोऱ्या आल्या आणि १९२३ मध्ये पोलादी कपाटं. धाकटे बंधू पिरोजशा कारखाना सांभाळायला आले. कामांच्या नात्यातले बॉइस काही काळ भागीदार होते. ते गेले तरी 'गोदरेज अँड बॉइस' या नावात राहिले. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला अर्देशिरनी तीन लाख रुपये दिले. १९५१ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या बनल्या, त्या विक्रोळीच्या कारखान्यात. ते पाहायला अर्देशिर नव्हते. १९३६ मध्येच ते गेले होते. २०२४ मध्ये घराण्याच्या उद्योगांची वाटणी झाली, तीही बातमी आपण वाचलीत.

पुढे अर्देशिर कर्ज फेडायला गेले, तेव्हा कामांनी पैसे घेतले नाहीत, अशी हकीकत सांगतात.

आपल्या मुंबईत पुतळे बहुधा धनिकांचे, राजेरजवाड्यांचे. भायखळ्यातच आमचा 'खडा पारशी' उभा आहे, सेठ करसेटजी माणकजींचा. मेरवानजी कामांचं नाव मात्र चार माणसांनाही ठाऊक नसतं. त्यांनी तारण म्हणून काय पाहिलं असेल? हिशेबाने पाहिलं तर त्या तरुणाच्या नावावर दोन अपयशं होती, एक वकिलीचं, एक हत्यारांचं. पण दोन्ही अपयशांचं कारण एकच होतं: माणूस खोटं बोलायला तयार नव्हता. आणि ज्याला घराची चावी बनवायची आहे, त्याच्यासाठी याहून चांगलं तारण कुठलं?