तापानं मेंदूवर उपचार

मंडळी, आता १९१७ च्या व्हिएन्नात जाऊया. सिफिलिस मेंदूत शिरला की भ्रम व्हायचे, मग लकवा, आणि काही वर्षांत मृत्यू. उपाय नव्हता. युलिउस वाग्नर-याउरेग यांनी पाहिलं होतं, की जोराचा ताप येऊन गेला की काही मनोरुग्ण सुधारतात. ताप म्हणजे शरीराच्या प्रतिकाराचाच भाग. मग त्यांनी एका सैनिकाच्या रक्तापासून सुरुवात करून नऊ रुग्णांना मुद्दाम हिवताप दिला; नंतर क्विनाइननं तो उतरवायचा. काही जण खरंच सुधारले. १९२७ चं नोबेल मिळालं. पण या उपचारानं पुढे काही रुग्ण दगावलेही. पेनिसिलिन आल्यावर तो मागे पडला. शरीराची झुंज मेंदूपर्यंत पोचते, हे कळलं खरं. पण ज्यांच्या अंगावर ते कळलं, त्यांच्यापैकी बरेच जण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायच्या स्थितीतही नव्हते. हे विसरू नका.