वर्ज्य पट्टा (खगोलशास्त्र)

आकाशगंगेच्या प्रतलातील धूळ व ताऱ्यांची गर्दी यांमुळे पलीकडच्या दीर्घिका, म्हणजे तारे, वायू व धूळ यांचे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले समूह, ज्या भागात दृश्य प्रकाशात झाकल्या जातात, तो आकाशाचा पट्टा. दृश्य प्रकाशातील सर्वेक्षणांपुरते पाहिल्यास आकाशाचा साधारण पाचवा हिस्सा त्यात मोडतो.

इतिहास : या पट्ट्यात तेजोमेघ (दीर्घिकाही तेव्हा यांतच गणल्या जात) विरळ असल्याचे रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८७८ मध्ये नोंदविले होते, परंतु ताऱ्यांदरम्यानची धूळ प्रकाश शोषून घेते, हे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० मध्ये दाखविल्यानंतरच त्याचा उलगडा झाला. पाओलो माफेई यांनी १९६८ मध्ये अवरक्तसंवेदी छायाचित्रांवरून जाहीर केलेल्या शर्मिष्ठा तारकासमूहातील दोन दीर्घिका, माफेई १ व माफेई २, त्याआधीच्या शार्पलेस सूचीत आकाशगंगेतील तेजोमेघ म्हणून समाविष्ट होत्या. धुळीमुळे माफेई १ चा दृश्य प्रकाश जवळजवळ पाच प्रतींनी, म्हणजे शंभर पटींच्या आसपास, मंदावतो. किती प्रकाश शोषला गेला यावरच अंतराचा हिशेब अवलंबून असल्याने त्याबाबत एकमत नाही. अंदाज सुमारे एक ते दोन कोटी प्रकाशवर्षे या मर्यादेत येतात.

रेडिओ निरीक्षण : उदासीन हायड्रोजनच्या २१ सेंमी. तरंगलांबीच्या प्रारणाला धूळ जवळजवळ अडवत नाही. ड्विंगेलू १ ही दीर्घिका १९९४ मध्ये नेदरलँड्समधील २५ मी. व्यासाच्या दुर्बिणीने याच प्रारणावरून शोधली. मात्र जवळच्या दीर्घिकांचा आपल्या सापेक्ष वेग बहुधा अल्प असतो, त्यामुळे त्यांचा संकेत आकाशगंगेतील हायड्रोजनच्या संकेतात मिसळतो, आणि ही अडचण गंभीर आहे. परस्परांपासून दूर ठेवलेल्या अँटेना एकत्र वापरणारी व्यतिकरणमापक दुर्बीण दूरवर पसरलेला एकसारखा वायू बराचसा टाळून लहान आकाराचे स्रोत वेगळे काढू शकते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी (गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली, प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण) याच प्रकारची आहे. या दुर्बिणीने आयेशा बेगम, जयराम चेंगलूर व उलरिख होप यांनी पट्ट्याच्या काठाजवळील आयसी ३४२ समूहातील कॅमलोपार्डालिस बी या खुज्या दीर्घिकेचा अभ्यास केला. २००३ च्या त्यांच्या निबंधानुसार एवढ्या मंद दीर्घिकेतही वायूचे सुसंगत परिभ्रमण दिसते व तिच्या वस्तुमानात कृष्णद्रव्याचे, म्हणजे प्रकाश न देणाऱ्या व केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचे, प्राबल्य आहे.

पट्ट्याच्या दक्षिणेकडील भागातील सर्सिनस दीर्घिका मात्र खोडदहून निरीक्षणाच्या टप्प्यात येत नाही, कारण तेथे ती क्षितिजापासून जेमतेम सहा अंश वर चढते आणि अँटेना इतक्या खाली झुकत नाहीत.

महाआकर्षक : पट्ट्याच्या दक्षिणेकडील भागाच्या दिशेने दीर्घिकांना ओढणाऱ्या वस्तुमानाची कल्पना १९८० च्या दशकात मांडली गेली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संचालक झालेले सोमक रायचौधुरी यांनी त्याच दिशेचे दीर्घिकांचे वितरण १९८९ मध्ये अभ्यासले. त्या ओढीचा किती वाटा अधिक दूरच्या शॅपली महासमूहाचा, याविषयी मतभेद आहेत.

दृश्यता : गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी (अक्षांश सुमारे २१° उ.) येथून माफेई दीर्घिकांचे स्थान डिसेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे क्षितिजापासून ५० अंशांहून वर असते. लहान दुर्बिणीतून त्या दिसणे अवघड. आयसी ३४२ ही दीर्घिका मात्र अंधाऱ्या आकाशात दिसू शकते.