मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय

दक्षिण मुंबईत रीगल चित्रपटगृहाजवळ, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोर सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृहाची जुनी वास्तू उभी आहे. याच वास्तूत १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीतील या संस्थेचे मूळ संग्रहालय नवी दिल्लीतील जयपूर हाउसमध्ये १९५४ साली सुरू झाले. बेंगळुरूची शाखा २००९ मध्ये उघडली.

वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार हे सभागृह १९११ मध्ये बांधण्यात आले. संगीताच्या मैफली आणि जाहीर सभा यांचे ते अनेक वर्षे केंद्र होते. पुढे वातानुकूलित सभागृहे आल्यावर त्याचे महत्त्व ओसरले. मुष्टियुद्धाचे सामने, विवाहसमारंभ आणि चामड्याच्या वस्तूंची विक्री यांसाठी ते भाड्याने दिले जाऊ लागले. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलादालनचालक केकू गांधी यांनी या वास्तूत कला संग्रहालय व्हावे, यासाठी पाठपुरावा केला. नूतनीकरणास सुमारे बारा वर्षे लागली.

बाह्यरूप जुनेच ठेवून आतील रचना बदलण्यात आली. अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक असून जिन्याने चढत गेल्यावर शेवटी घुमटाखालील दालन लागते. त्यामुळे तळमजल्यापासून क्रमाने वर जात पाहिल्यास प्रदर्शनाचा ओघ कळतो. येथील प्रदर्शने बदलत असल्याने विशिष्ट चित्रकाराच्या कलाकृती पाहायच्या असतील, तर आधी चौकशी करणे श्रेयस्कर. सोमवारी संग्रहालय बंद असते.

मुंबईत या संग्रहालयाचे महत्त्व वेगळे आहे. सर ज. जी. कलाशाळा १८५७ पासून याच शहरात आहे आणि सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गटही १९४७ मध्ये येथेच स्थापन झाला. खासगी दालनांतील प्रदर्शने प्रामुख्याने विक्रीसाठी असतात. एखाद्या कलावंताचे आयुष्यभराचे काम सलग पाहण्यासाठी सार्वजनिक जागाच लागते.

म्हणूनच तेथे काय दाखवावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या सिंहावलोकनपर प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याचा मुद्दा मांडला. भाषणात त्यांना वारंवार अडवण्यात आले आणि त्याची देशभर चर्चा झाली.

मूळचे रायगड जिल्ह्यातील नागावचे बरवे १९९५ मध्ये निवर्तले. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे मराठी पुस्तक चित्रनिर्मितीविषयी आहे. आधुनिक चित्रांसमोर प्रथमच उभ्या राहणाऱ्या मराठी वाचकाने संग्रहालयात जाण्यापूर्वी ते वाचल्यास पाहणे अधिक सुकर होईल.