माँटेझूमा कॅसल
माँटेझूमा कॅसल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अ‍ॅरिझोना राज्यात, कँप व्हर्दी या गावानजीक बीव्हर क्रीक ओढ्याच्या काठी असलेली प्राचीन निवासवास्तू. चुनखडकाच्या उभ्या कड्यात, पायथ्यापासून सु. २७ मी. उंचीवरील नैसर्गिक कपारीत ती बांधलेली आहे. लेण्यांप्रमाणे ती खडकात कोरलेली नाही. तीत पाच मजले व सु. २० खोल्या असून तेथे ३० ते ५० माणसे राहत असावीत, असा अंदाज आहे. तिचे बांधकाम व वापर साधारणतः ११०० ते १४२५ या काळातील आहे.

वास्तूचे रूढ नाव दिशाभूल करणारे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे आलेल्या गौरवर्णीय वसाहतकऱ्यांनी ती मेक्सिकोच्या अ‍ॅझटेक सम्राटाची असल्याचे गृहीत धरून तिला माँटेझूमाचे नाव दिले. प्रत्यक्षात दुसरा माँटेझूमा (कार. १५०२–२०) जन्मण्यापूर्वीच येथील रहिवासी निघून गेले होते आणि ही वास्तू किल्लाही नव्हे. तिच्या निर्मात्यांना पुरातत्त्वज्ञ ‘सिनाग्वा’ म्हणतात. ही संज्ञा ‘पाण्यावाचून’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांवरून आलेली आहे. ते स्वतःला काय म्हणवीत, हे तीतून कळत नाही.

पाण्यावाचून हे वर्णन या खोऱ्यातील लोकांना मुळीच लागू पडत नाही. भोवतालचा प्रदेश निमवाळवंटी असला, तरी ओढ्याकाठच्या सपाट जमिनीत ते मका, घेवडा, भोपळा व कापूस पिकवीत. ईशान्येस काही किमी. अंतरावर माँटेझूमा वेल हा चुनखडक खचून तयार झालेला नैसर्गिक डोह आहे. त्यातून दररोज सु. ५७ लाख लि. पाणी बाहेर पडते. हे पाणी पाटांनी शेतांकडे नेलेले होते. पाण्यातील चुन्याचे थर साचून कठीण झाल्याने त्या पाटांचे काही भाग अद्यापि दिसतात.

भिंतींसाठी चुनखडकाचे ओबडधोबड दगड व मातीचा गारा वापरला असून छताला सिकॅमोर वृक्षाच्या तुळया आहेत. त्यांवर काटक्या, गवत व माती यांचे थर दिलेले आहेत. वर जाण्यासाठी शिड्या वापरीत. उंचीमुळे ओढ्याच्या पुरापासून व परक्यांपासून संरक्षण मिळे आणि शेतजमीनही मोकळी राही. वर आलेला कडा व कोरडी हवा यांमुळे लाकूड व गिलावा शतकानुशतके टिकला.

रहिवासी का निघून गेले, याविषयी अवर्षण, साधनसंपत्तीचा ऱ्हास व संघर्ष अशी कारणे सुचविली जातात. तथापि हा समाज नामशेष झाला, असे मानणे चूक होय. होपी लोकांच्या परंपरेनुसार ही त्यांच्या पूर्वजांची वस्ती असून त्यांतील काही कुळे आपला वंश या खोऱ्याशी जोडतात. यावापाई व अ‍ॅपाची लोकांचेही या परिसराशी जिव्हाळ्याचे नाते आहे.

निसर्गाने राखलेल्या या वास्तूची खरी हानी माणसांनी केली. हौशी संग्राहकांनी तीतील बहुतेक वस्तू लुटून नेल्या. ८ डिसेंबर १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली, तेव्हा आत फारसे काही उरलेले नव्हते. १९३३ मध्ये त्याच कड्याच्या पायथ्याशी असलेल्या ‘कॅसल ए’ या पडक्या वास्तूचे उत्खनन झाले. तीत मिळालेल्या अवशेषांमुळे सिनाग्वांच्या जीवनाविषयी माहितीत भर पडली. संरक्षित स्मारक झाल्यानंतरही प्रवासी शिड्यांनी वर चढून खोल्यांतून हिंडत. त्यांच्या वावराने वास्तूची मोठी झीज झाल्याने १९५१ मध्ये प्रवेश बंद करण्यात आला.

आता पायथ्याच्या सु. अर्धा किमी. लांबीच्या पाऊलवाटेवरून वास्तू खालूनच पाहावी लागते. खोल्या पाहता येत नाहीत. परंतु कडा, ओढा व शेतजमीन एकाच दृष्टिक्षेपात येत असल्याने वस्तीसाठी हीच जागा का निवडली गेली, हे येथून अधिक स्पष्टपणे उमगते.