मध आणि बाळंतिणीची जखम

कुरआनच्या सोळाव्या सूरेचं नावच 'नहल', म्हणजे मधमाशी. तिच्या ६९ व्या आयतीत मधात माणसांसाठी शिफा असल्याचं म्हटलंय. सुश्रुतसंहितेतही जखमेवर मध-तूप लावायला सांगितलंय, आणि प्राचीन इजिप्तचे वैद्यही तेच करत. या बाबतीत कोणाचंच कोणाशी भांडण नाही.

कारण साधं आहे. मधात पाणी कमी, साखर भरपूर, वर आम्लता. त्यात जंतू वाढत नाहीत. म्हणूनच इराणमध्ये बाळंतपणातल्या टाक्यांवर मधाच्या मलमाच्या चाचण्या झाल्या. मात्र जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. आपल्या भुदरगडच्या पाटगावचा मध कितीही अस्सल असला तरी तो खाण्यासाठी. त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून तो टाक्यांवर लावू नये आणि वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवूही नये.

आमच्या कसबा बावड्यात आजही बाळंतीण बसता येत नाही हे आईला सांगते, डॉक्टरांना सांगायला लाजते. इलाज करून घ्या, ही तर पैगंबरांची (स.) शिकवण. सूज, पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लाईन बाजारचं सेवा रुग्णालय जवळच आहे.